मशीनवर गोधडी शिवताना या चुका टाळा

जुन्या सुती लुगड्यांची गोधडी हाताने शिवण्याची रीत महाराष्ट्रात घरोघर होती आणि तिचे सगळे नियम हातातल्या सुईदोऱ्याला धरून ठरलेले होते. तीच गोधडी घरच्या शिलाई मशीनवर घेतली की तक्रारी सुरू होतात. खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो, टाके सुटतात, सुई मोडते, मधोमध कापडाचा फुगा येतो. मग दोष मशीनला दिला जातो आणि कारागिराला निरोप जातो. वास्तविक यांतल्या बहुतेक तक्रारींचे मूळ कापडाच्या तयारीत, सुईच्या निवडीत आणि दोरा ओवण्याच्या पद्धतीत असते. मशीन खरोखर बिघडते ते नंतर, म्हणजे या चुका तशाच रेटून नेल्यावर.

कडेपासून सुरुवात करू नका

हाताने गोधडी शिवणाऱ्या बायका पुष्कळदा कडेपासून टाके घालायला घेतात आणि फेऱ्या घालत मध्याकडे येतात. हे त्यांना साधते, कारण गोधडी जमिनीवर अंथरलेली असते, रिकाम्या हाताचा तळवा सारखा थर सपाट करत असतो आणि सुई कापडाला ढकलत नाही. मशीनवर यातले काहीच घडत नाही. सुईखालचे दात तळाचे कापड मागे ओढतात, वरून दाबणारा पाय मात्र वरच्या कापडाला अडवून धरतो. त्यामुळे प्रत्येक ओळीत वरचा थर शिवणाऱ्याच्या बाजूला थोडा थोडा सरकत राहतो. चारही कडा आधीच शिवून बंद केल्या असतील, तर या सरकलेल्या कापडाला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि ते मध्यभागी साचते. तिथे कितीही हात फिरवला तरी चुणी जात नाही. उसवणे हा एकच उपाय राहतो.

म्हणून मशीनवर बसण्यापूर्वी गोधडी स्वच्छ फरशीवर अंथरून, मध्यापासून चारी दिशांना चार-चार बोटांच्या अंतराने कच्चे टाके घालून घ्यावेत. हे काम कंटाळवाणे असते आणि बहुतेक जण ते टाळून टाचण्यांवर भागवतात. टाचण्यांवरून सुई गेली की ती मोडते किंवा वाकते, आणि वाकलेली सुई खालच्या पत्र्यावर आदळून छिद्राच्या कडेला ओरखडा पाडते, जो पुढे कितीतरी दिवस दोरा तोडत राहतो. कच्च्या टाक्यांना लागणारी दुपार त्यामुळे कधीच वाया जात नाही, असे माझे ठाम मत आहे. मशीनची पहिली ओळ बरोबर मधोमध घालावी, मग एका बाजूच्या ओळी कडेपर्यंत पूर्ण कराव्यात आणि त्यानंतर दुसऱ्या बाजूच्या घ्याव्यात. सगळ्या ओळी एकाच दिशेने जाव्यात. शेजारच्या दोन ओळी उलट-सुलट घातल्या तर मधले कापड तिरके ओढले जाते आणि धुतल्यावर ते अधिकच डोळ्यांत भरते.

टाका ३ ते ४ मिलिमीटर लांबीचा ठेवावा. बारीक टाका मजबूत असतो हा समज झबले-परकर शिवताना ठीक आहे, पण जाड थरांत बारीक टाक्याने कापड आखडते आणि जीर्ण लुगड्याला एकमेकांना खेटून छिद्रे पडल्यामुळे ते ओळीवरच फाटते. पायाचा दाब कमी-जास्त करण्याचा स्क्रू बऱ्याच मशीनना वरच्या टोकाला असतो. जाड कामासाठी तो थोडा सैल करावा, म्हणजे वरचा थर कमी सरकतो. गोधडीचे वजन डाव्या हाताला आणि मागे लोंबकळत ठेवू नये. तिथे टेबल किंवा खुर्ची लावून तिला आधार द्यावा, कारण लोंबणारी गोधडी सुईला एका अंगाला ओढते आणि सुई मोडण्याचे टाचणीखालोखाल नेहमीचे कारण हेच असते.

थर किती घालावेत, याचेही तारतम्य हवे. पाय पूर्ण उचलूनही गोधडी त्याखाली सहज सरकत नसेल, तर ती कोंबून आत घालू नये. घरगुती विजेच्या मशीनची मोटार अशा कामात तापते. पायमशीन तेवढे सोसते, पण सुई आणि शटल (खालच्या दोऱ्याशी वरचा दोरा गुंफून टाका बांधणारा भाग) सोसत नाहीत. पाच-सहा लुगड्यांची भरगच्च वाकळ हातानेच शिवावी. मशीनसाठी वरचा आणि खालचा पदर धरून तीन किंवा चार थर पुरेत.

कापडाची निवड

जुनी सुती साडी आणि नवे कोरे कापड एकत्र वापरायचे असेल, तर नवे कापड आधी भिजवून, धुवून, वाळवून घ्यावे. कोऱ्या मांजरपाटातली खळ निघून गेली की ते पहिल्या धुण्यात आटते. जुने कापड मात्र आटायचे तेवढे आटून गेलेले असते, म्हणून न धुता शिवलेली गोधडी पहिल्याच धुण्यात जागोजाग गोळा होते. गडद रंगाचे, विशेषतः लाल आणि निळे कापड पांढऱ्या फडक्यावर ओले घासून पाहावे. रंग फडक्याला लागला, तर ते वेगळे धुऊन घ्यावे किंवा वापरूच नये. जुन्या कपड्यांतली काजे, बटणे, नाडीचे नेफे आणि जरीचे काठ कापून काढावेत. जरीची तार सुईचे टोक बोथट करते. आतल्या थरांत सुती आणि नायलॉन एकत्र करू नये, कारण गुळगुळीत कापड दोन सुती थरांमध्ये घसरते आणि कच्च्या टाक्यांनाही दाद देत नाही.

गुंता खाली दिसतो, चूक वर असते

कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे घरटे झालेले दिसले की हात आपोआप बॉबिनकडे, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाकडे जातो आणि ती जिच्यात बसते त्या डबीचा, म्हणजे बॉबिन केसचा, इवलासा स्क्रू फिरवला जातो. तक्रार वाढण्याची सुरुवात इथेच होते. खाली जमलेला गुंता बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो, कारण त्याला ताण मिळालेला नसतो. दोरा ओवताना पाय खाली टाकलेला असेल, तर ताण देणाऱ्या चकत्या घट्ट मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये बसण्याऐवजी वरून निसटतो. म्हणून आधी पाय वर करावा, पूर्ण दोरा काढून नव्याने ओवावा, वर-खाली होणाऱ्या दांडीच्या छिद्रातून तो गेला आहे याची खात्री करावी, आणि मगच पुढचा विचार करावा. शिवायला लागताना दोन्ही दोऱ्यांची टोके पायाखालून मागे घेऊन पहिले तीन-चार टाके पडेपर्यंत धरून ठेवावीत. चाक नेहमी आपल्याकडेच फिरवावे. उलटे फिरले की दोरा शटलमध्ये अडकतो.

एवढे करूनही टाका बिघडत असेल, तर बॉबिन केसची परीक्षा करावी. भरलेली बॉबिन आत बसवून केस दोऱ्याला धरून लटकवावी. ती आपोआप घरंगळत खाली आली तर ताण कमी आहे, हलका हिसका देऊनही हलली नाही तर जास्त आहे. हिसक्याला बोटभर खाली येऊन थांबली तर सर्व ठीक आहे. स्क्रू फिरवायचाच झाला, तर ताटलीत धरून, एका वेळी अगदी थोडा फिरवावा, म्हणजे तो निसटला तरी हरवत नाही.

सुई मोडल्याशिवाय बदलायची नाही, ही आपल्याकडची जुनी सवय आहे आणि गोधडीच्या कामात ती महाग पडते. आठ-दहा तासांच्या शिवणकामानंतर सुई बदलावी. या कामाला १६ नंबरची सुई घ्यावी, आणि थर जास्त असतील तर १८ नंबरची. ब्लाउजसाठी लावलेली ११ नंबरची सुई इथे वाकते आणि टाके सोडते. सुई बसवताना ती वर टेकेपर्यंत सरकवावी. ज्या बाजूने दोरा ओवायचा, त्या बाजूला सुईची लांब खाच यावी आणि दांड्याची सपाट बाजू त्याच्या विरुद्ध यावी. टाके सुटण्याची तक्रार पुष्कळदा एवढ्यानेच मिटते. दोरा शक्यतो सुती वापरावा, कारण जीर्ण लुगड्यात मजबूत पॉलिएस्टरचा दोरा कापडालाच कापतो. कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेली रिळे बोटांत ताणून पाहावीत. सहज तुटणारा दोरा कच्च्या टाक्यांना ठेवावा.

तेल, तूस आणि हळद

जुने सुती कापड फार तूस सोडते. एक गोधडी पूर्ण होईपर्यंत सुईखालच्या दातांमध्ये आणि शटलच्या खोबणीत त्याचा नमद्यासारखा घट्ट थर बसतो, तो तेल शोषून घेतो आणि मशीन जड चालू लागते. दर गोधडीनंतर, आणि मोठ्या कामात मध्येही एकदा, पत्रा उघडून ब्रशने तूस बाहेर काढावे. तोंडाने फुंकू नये. तूस आणखी आत जाते आणि त्यासोबत ओलावाही जातो.

घरात हाताशी असते म्हणून खोबरेल किंवा गोडेतेल मशीनला घालणे ही सगळ्यांत नुकसानकारक चूक आहे. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सियसच्या खाली थिजते, म्हणून डिसेंबरच्या सकाळी मशीन हलतच नाही. इतर खाद्यतेले हवेशी संयोग पावून चिकट होतात आणि वार्निशासारखी वाळतात. शिलाई मशीनचे स्वच्छ, पातळ तेल प्रत्येक छिद्रात एक-दोन थेंब पुरते, आणि त्यानंतर चिंधीवर थोडे चालवून जास्तीचे तेल टिपून घ्यावे. प्लॅस्टिकच्या भागांना तेल लावू नये, आणि विजेच्या मशीनला तेल घालण्यापूर्वी तिची माहितीपुस्तिका पाहावी. पायमशीनच्या चामडी पट्ट्याला तेल लागले की तो घसरतो. पट्टा ताणून सैल झाला असेल, तर थोडा कापून पुन्हा तारेने जोडावा, पण फार आवळू नये.

खंडेनवमीला मशीनची पूजा होते आणि ती जरूर व्हावी, मात्र हळद-कुंकू तेलाच्या छिद्रांजवळ वाहू नये. ती पूड तेलात कालवली जाऊन आत घट्ट बसते. लाकडी टेबलावर गंध-फूल वाहावे आणि तेलाची छिद्रे त्या दिवशी कापडाने झाकून ठेवावीत. पावसाळ्यात मशीन प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळू नये. आत दमट हवा कोंडून गंज चढतो. सुती कापडाची खोळ घालावी आणि आठवड्यातून एकदा तरी मशीन थोडे चालवावे.

कारागिराला केव्हा बोलवावे

सुई नवी आहे, नीट बसली आहे, दोरा नव्याने ओवला आहे, तूस काढले आहे, आणि तरीही साध्या दुहेरी सुती कापडावर टाके सुटतात, तर सुई आणि शटल यांच्या भेटीची वेळ चुकली असण्याचा संभव आहे. जोराने सुई मोडल्यानंतर असे होते आणि ते घरी दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये. चाक फिरते पण सुई हलत नाही, अशी तक्रार असेल, तर आधी चाकाच्या मधला गोल स्क्रू पाहावा. बॉबिन भरताना सैल केलेला तो स्क्रू पुन्हा आवळायचा राहून गेलेला असतो. कारागीर येईल तेव्हा टाके बिघडलेला कापडाचा तुकडा दोऱ्यासकट, न उसवता त्याच्यासमोर ठेवावा, शेजारी वापरात असलेली सुई आणि रीळही ठेवावे, आणि गोधडीचे तेच थर लावून त्याच्याकडून तिथल्या तिथे शिवून पाहावे. कारण दुहेरी कापडावर नीट चालून दाखवलेले मशीन चार थरांवर पुन्हा अडते.