व्हिसाची फाईल चालू असताना नवऱ्याला नोकरी बदलायची असेल तर

आमच्या फैजपूर-सावदा पट्ट्यात माझ्यासारख्या बऱ्याच जणी आहेत. लग्न झालंय, नवरा अमेरिकेत, आपण इकडे सासरी नाहीतर माहेरी, आणि मधे व्हिसाची फाईल. अशात एखाद्या रात्री फोन येतो. दुसरीकडून ऑफर आलीय, पगार चांगला आहे, पण राज्य बदलावं लागेल, घेऊ का? घरात लगेच एकच प्रश्न उभा राहतो: फाईल पुन्हा पहिल्यापासून चालू करावी लागेल का?

नाही लागणार. हे आधीच स्वच्छ सांगते, कारण निव्वळ या भीतीपायी चांगली ऑफर नाकारलेली आणि वाईट नोकरीत खितपत पडलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. आमच्या ह्यांनी माझी फाईल चालू असतानाच दवाखान्याच्या लॅबमधली नोकरी सोडून औषध कंपनीत नोकरी धरली, तीही दुसऱ्या राज्यात. इकडची सगळी कागदं मी सांभाळली. माझी मुंबईची मुलाखत झाली, व्हिसा लागला. त्या सगळ्यातून जे कळलं ते इथे लिहितेय.

हे नेमकं कोणासाठी, ते आधी बघा. नवरा (किंवा बायको) अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहे आणि त्याने तुमच्यासाठी आय-१३० अर्ज भरलाय, तर हे तुमच्यासाठी. तो अर्ज नात्यावर उभा असतो. लग्न खरं आहे आणि अर्ज करणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहे, एवढंच त्यात तपासतात. कंपनीची त्यावर सही नसते, त्यामुळे कंपनी बदलली म्हणून तो पडत नाही. पण नवरा एच-१बीवर, म्हणजे कंपनीमार्फत मिळणाऱ्या नोकरीच्या व्हिसावर असेल आणि तुम्ही एच-४, म्हणजे त्याच्या जोडीदाराचा व्हिसा मागत असाल, तर तिथे नव्या कंपनीने स्वतःचा अर्ज भरावा लागतो आणि तुमचा एच-४ त्याच्यामागे जातो. कंपनीमार्फत ग्रीन कार्ड चालू असेल तर त्याचेही नियम निराळे. पुष्कळशी घबराट यातूनच होते. पुण्याच्या एखाद्या आयटीवाल्या नातेवाइकाला विचारलं की तो त्याच्या एच-१बीचं सांगतो आणि आपण ते स्वतःला लावून रडत बसतो. सल्ला देणाऱ्याला आधी विचारा, तुमचा व्हिसा कोणता होता?

मग नोकरीचा संबंध येतो कुठे? आय-८६४ या फॉर्ममध्ये. अ‍ॅफिडेव्हिट ऑफ सपोर्ट म्हणतात तो हाच. आय-१३० मंजूर झाला की फाईल नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे एनव्हीसीकडे जाते आणि तिथे हा फॉर्म लागतो. नवरा त्यात लिहून देतो की बायकोला मी पोसेन, सरकारवर भार पडू देणार नाही. त्यासाठी त्याचं उत्पन्न तिथल्या सरकारी दारिद्र्यमर्यादेच्या १२५ टक्के तरी असावं लागतं. २०२५च्या तक्त्यात दोघांच्या कुटुंबाला ही रक्कम वर्षाला २६,४३७ डॉलर होती आणि चौघांना ४०,१८७ डॉलर. अलास्का आणि हवाईला जास्त आहे. तक्ता दरवर्षी बदलतो, म्हणून फॉर्म भरताना चालू वर्षाचा तक्ता, म्हणजे आय-८६४पी, काढून बघा.

कुटुंब मोजताना आपल्याकडचे लोक हमखास अडखळतात. दोघं नवरा-बायको, मुलं, टॅक्समध्ये अवलंबून दाखवलेली माणसं, हे तर झालंच. पण नवऱ्याने आधी आई-वडिलांसाठी आय-८६४वर सही केली असेल आणि ती जबाबदारी अजून चालू असेल, तर तेही मोजले जातात. म्हणजे दोघांचे चौघे होतात आणि लागणारी रक्कमही वाढते. नवी नोकरी कमी पगाराची असेल तर हा हिशेब होकार देण्याआधीच करा.

अधिकारी मुख्यतः बघतो ते आजचं उत्पन्न. शेवटच्या वर्षाचं टॅक्स रिटर्न जोडावंच लागतं, पण मागच्या वर्षी पगार कमी होता आणि आता नव्या नोकरीत पुरेसा आहे, तर आताचा धरता येतो. फक्त तो कागदावर दिसला पाहिजे.

आता कोणत्या टप्प्यावर काय करायचं. आय-१३० अजून यूएससीआयएसकडेच, म्हणजे तो तपासणाऱ्या तिथल्या इमिग्रेशन खात्याकडेच पडून असेल तर नवऱ्याला बिनधास्त नोकरी बदलू द्या, कोणाला कळवायची गरज नाही. घर बदललं तर पत्ता मात्र लगेच बदलायचा. ग्रीन कार्डधारकाला तर पत्ता बदलल्यावर १० दिवसांत कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

फाईल एनव्हीसीकडे आली, पण आय-८६४ अजून भरलेला नाही, अशा वेळी नोकरी बदलत असेल तर थोडं थांबा. नव्या ठिकाणी रुजू होऊ द्या, पहिली पगाराची स्लिप हातात येऊ द्या, मग फॉर्म भरा. फॉर्म आत्ताचं उत्पन्न विचारतो, पुढे मिळणारं नाही. नुसत्या ऑफर लेटरच्या जोरावर नवा पगार त्यात लिहू नका.

आय-८६४ जाऊन एनव्हीसीने कागदपत्रं पूर्ण म्हणून कळवलंय आणि मुलाखतीच्या तारखेची वाट चाललीय, तेव्हा बदलली तर? आमचं असंच झालं. आम्ही पूर्ण झालेल्या फाईलला ऑनलाइन हात लावला नाही. नवे कागद मुलाखतीला सोबत नेले: नव्या कंपनीचं पत्र, नव्या पगाराच्या स्लिपा आणि नव्या माहितीसह भरून सही केलेला ताजा आय-८६४. ताजा फॉर्म मागतीलच असं नाही, पण मागितला तर सही अमेरिकेतल्या माणसाची आणि तुम्ही मुंबईत खिडकीसमोर, म्हणून आधीच करून ठेवलेला बरा.

आणि मुलाखतीची तारीख पडली असेल, ती जवळ आली असेल, तर मी स्पष्ट सांगेन की शक्य असेल तर नव्या कंपनीकडून रुजू व्हायची तारीख पुढची मागून घ्या. त्या वेळी जुनी सुटलेली आणि नवीची एकही स्लिप नाही, ही सगळ्यात वाईट अवस्था. बदल फाईलला बाधत नाही, मधली पोकळी बाधते.

ती पोकळी कशी टाळायची, यावर आमच्या घरात खूप बोलणं झालं. सासूबाईंनी एका वाक्यात मिटवलं, "त्याले सांग, दुसरी हातात आल्याबिगर पह्यली सोडू नको म्हना." अमेरिकेतही हातात येणं म्हणजे नुसतं ऑफर लेटर येणं नव्हे. त्यानंतर कंपनी पार्श्वभूमी तपासते, कुठे कुठे लघवीची तपासणीही करते. हे सगळं पार पडून रुजू व्हायची तारीख लेखी आली, की मगच जुन्या ठिकाणी राजीनामा द्यावा. तिकडे नोटीस साधारण दोन आठवड्यांची देतात, आपल्यासारखी दोन-तीन महिन्यांची नाही, त्यामुळे घाई करायचं कारणच नसतं.

नव्या कंपनीचं पत्र कसं हवं, तेही सांगते, कारण एचआरवाले दोन ओळींचं पत्र देऊन मोकळे होतात. लेटरहेडवर असावं. पद, रुजू झाल्याची तारीख, वर्षाचा पगार, नोकरी पूर्णवेळ आहे की नाही, आणि सही करणाऱ्याचं नाव-हुद्दा. त्याला जोडून जुन्या नोकरीची शेवटची स्लिप आणि नवीच्या जितक्या आल्या तितक्या स्लिपा ठेवा, म्हणजे एक संपून दुसरी कधी लागली हे तारखांवरूनच दिसतं. टॅक्सचा पुरावा म्हणून आयआरएसच्या, म्हणजे तिथल्या आयकर खात्याच्या साइटवरून ट्रान्सस्क्रिप्ट (रिटर्नचा उतारा) काढावं. वर्षाच्या मधे नोकरी बदलली तर त्या वर्षाचे डब्ल्यू-२ (कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा कागद) दोन येतात, दोन्ही जपून ठेवा. ते ३१ जानेवारीपर्यंत द्यायचे असतात. नवऱ्याने घर बदललं असेल तर जुन्या कंपनीला नवा पत्ता देऊन ठेवायला सांगा, नाहीतर तो कागद जुन्या घरी जाऊन पडतो.

एक गोष्ट होकार देण्याआधी नक्की विचारा: नवी नोकरी डब्ल्यू-२वर, म्हणजे पगारी नोकर म्हणून आहे, की १०९९वर? १०९९ म्हणजे कंपनीच्या लेखी तुमचा नवरा नोकर नाही, स्वतंत्र धंदा करणारा आहे. तासाचा दर मोठा दिसतो, पण आय-८६४साठी खर्च वजा जाता उरलेलं उत्पन्न धरतात आणि त्याचा भक्कम पुरावा म्हणजे टॅक्स रिटर्न, जे पहिल्या वर्षी हातात नसतंच. सोपा छोटा फॉर्म आय-८६४ईझेड, तोही अशा माणसाला चालत नाही, कारण तो फक्त डब्ल्यू-२ पगार किंवा पेन्शनवाल्यांसाठी आहे. फाईल चालू असताना मी तरी डब्ल्यू-२चीच बाजू घेईन, दर थोडा कमी असला तरी.

उत्पन्न कमी पडलंच तर जॉइंट स्पॉन्सर घेता येतो. तो नात्यातलाच असावा असं नाही. अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक, १८ वर्षांपुढचा, अमेरिकेत राहणारा, आणि त्याच्या स्वतःच्या घरची माणसं अधिक तुम्ही एवढ्यांना पुरेल इतकं १२५ टक्क्यांच्या हिशेबाचं उत्पन्न असणारा हवा. तो स्वतःचा वेगळा आय-८६४ भरतो. आपल्याकडे पतसंस्थेत जामीन राहतात तसंच हे, आणि म्हणूनच मागताना पूर्ण खरं सांगून मागा. ही जबाबदारी तुम्ही अमेरिकेचे नागरिक होईपर्यंत, किंवा कामाच्या ४० तिमाह्या तुमच्या नावावर जमेपर्यंत चालते. तुम्ही कायमचा देश सोडला किंवा मृत्यू आला तरच त्याआधी सुटते. घटस्फोट झाला तरी सुटत नाही. मावसभावाला रात्री फोन करून "अरे फक्त एक सही लागते" असं कुणी म्हणू नये. त्याची बायको शेजारी बसलेली असताना दोघांना समजावून सांगा, विचार करायला वेळ द्या, आणि नाही म्हणाले तर मनात अढी धरू नका.

शेती दाखवून काम होईल का, हे आमच्याकडे प्रत्येक जण विचारतो. सातबारा आहे, केळीची बाग आहे, विहीर आहे. नियमात मालमत्ता बसते, पण ती वर्षभरात रोख करता आली पाहिजे आणि परदेशातली असेल तर पैसा देशाबाहेर नेता आला पाहिजे. वरून कमी पडणाऱ्या रकमेच्या तिप्पट मालमत्ता नागरिकाच्या बायकोसाठी लागते, ग्रीन कार्डधारकाच्या बायकोसाठी पाचपट. ४,००० डॉलर कमी पडले तर एकाला १२,००० आणि दुसऱ्याला २०,००० डॉलरची मालमत्ता दाखवावी लागेल. भावकीच्या सामायिक जमिनीवर हा डोलारा उभा करण्यापेक्षा जॉइंट स्पॉन्सर शोधा. बँकेत स्वतःच्या नावावर ठेवी असतील तर मात्र त्यांचा उपयोग होतो.

आणखी एक मोह असतो. जुनी नोकरी सोडतोच आहे, तर दोन-तीन महिने घरी येऊन राहतो, दिवाळी करतो, मग जाऊन नवी शोधतो. नको. स्पॉन्सर अमेरिकेत वास्तव्य असणारा हवा, ही वेगळी अट आहे. नोकरी नाही, भाड्याचं घर सोडलेलं, माणूस फैजपुरात, असं चित्र दिसलं की वास्तव्य आणि उत्पन्न दोन्हींवर प्रश्न येतात. यायचं असेल तर दोन नोकऱ्यांच्या मधे, पुढची तारीख लेखी घेऊन, थोड्या दिवसांसाठी यावं. माझ्या मनाविरुद्ध मीच हे ह्यांना सांगितलं होतं.

मुलाखतीला जाताना नवऱ्याच्या नव्या नोकरीची माहिती तोंडपाठ नको, नीट माहीत हवी. कंपनी काय करते, कुठल्या गावात आहे, पद काय, कधीपासून, आधी कुठे होता, का बदलली. अधिकाऱ्याकडे जुन्या कंपनीचा कागद असतो, त्यामुळे विचारल्यावर साधं सांगायचं: नोकरी बदलली आहे, नवे कागद आणलेत. डीएस-२६०मध्ये, म्हणजे तुमच्या ऑनलाइन व्हिसा अर्जात, अमेरिकेतला जुना पत्ता गेला असेल तर तोही तिथेच दुरुस्त करून घ्या, कारण ग्रीन कार्ड पोस्टाने त्याच पत्त्यावर येतं. तुमची स्वतःची इकडची नोकरी मधल्या काळात बदलली किंवा सुटली असेल तर तेही सांगा. कागदांच्या झेरॉक्स गावातच करून घ्या. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात सकाळी धावपळ होते आणि आपण भुसावळहून रात्रभर गाडीत बसून गेलेलो असतो. मेडिकल आधी करायचं असतं, त्यामुळे मुक्कामाची सोय त्या हिशेबाने करा.

एखाद्या वेळी अधिकारी उत्पन्नाचा आणखी पुरावा मागून २२१(जी)चा, म्हणजे व्हिसा तूर्त अडवून ठेवल्याचा कागद हातात देतो. तो कागद पाहून तिथेच हातपाय गाळू नका. मागितलेली कागदं दिली की फाईल पुढे जाते. मुदत एक वर्षाची असते, ती उलटली तर मात्र नव्याने अर्ज आणि नव्याने फी. नोकरी नुकतीच बदललेल्यांना बहुधा अजून काही स्लिपा किंवा जॉइंट स्पॉन्सर मागतात. दोन-तीन पगार होऊ द्या आणि पाठवा.

पासपोर्टवर व्हिसा चिकटून हातात येईपर्यंत नवऱ्याने दुसरा बदल करू नये. तुम्ही तिकडे उतरलात की तुमच्या ग्रीन कार्डाचा त्याच्या कंपनीशी संबंध राहत नाही, पुढे त्याला हवी तशी नोकरी बदलता येते. मात्र आय-८६४वर सही केलेल्या माणसाने घर बदललं तर ३० दिवसांत आय-८६५ भरून पत्ता कळवायचा असतो. जॉइंट स्पॉन्सर घेतला असेल तर त्यालाही हे सांगून ठेवा.