ऑफिसचा फोन ‘बिघडला’ म्हणण्याआधी या चुका टाळा

पणजी असो की म्हापसा, ऑफिसातून मेकॅनिकला जाणारा निरोप एकच: “फोन चालत नाही.” बऱ्याचदा यंत्र धडधाकट असतं. कुणीतरी चालू केलेली सोय बंद करायची राहिलेली असते, नाहीतर नंबरच चुकीचा लावला जात असतो.

सगळ्यात जास्त घोळ शून्याचा. ईपीएबीएक्सवरून, म्हणजे ऑफिसातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाईनींना जोडणाऱ्या यंत्रावरून, बाहेरची लाईन घ्यायला बहुतेक ठिकाणी ० दाबतात. त्यात १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईल लावताना नंबराआधी ० सक्तीचा झाला. म्हणजे ऑफिसातून मोबाईलला दोन शून्यं हवीत: पहिलं ईपीएबीएक्स ठेवून घेतं, दुसरं टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजपर्यंत पोचतं. मडगावहून पणजीचा लँडलाईन लावताना मात्र एकच शून्य आणि पुढे सात आकडे. ०८३२ हा गोव्याचा एसटीडी कोड लागत नाही. स्पीड डायलमध्ये जुने मोबाईल नंबर साठवलेले असतील तर तेही दुरुस्त करा. एसटीडीला कुलूप घालण्यासाठी पूर्वी ‘शून्यानं सुरू होणारे नंबर बंद’ असा नियम घालत. तो अजून तसाच असेल, तर त्या एक्स्टेन्शनवरून (ईपीएबीएक्सला जोडलेल्या टेबलावरच्या फोनवरून) मोबाईलही लागणार नाही, आणि दोष मात्र फोनला. आणीबाणीच्या ११२ लाही आधी बाहेरची लाईन घ्यावी लागते का, हे तपासून ती पद्धत प्रत्येक फोनवर चिकटवून ठेवा.

दुसरी चूक एक्स्टेन्शन आणि लाईन एकच समजण्याची. टेबलावर बारा फोन असले तरी बाहेरच्या लाईनी तीनच असतील, तर बाहेरचे कॉलही एका वेळी तीनच. चौथ्या गिऱ्हाईकाला ‘बिझी’ ऐकू येणारच. कॉल मोबाईलवर फॉरवर्ड करताना हे हमखास विसरतं. फॉरवर्ड ईपीएबीएक्समधून केला, तर कॉल एका लाईनीनं आत येतो आणि दुसरीनं बाहेर जातो. दोनच लाईनी असलेलं दुकान एका कॉलात ठप्प. तीच सोय टेलिफोन कंपनीकडून लावून घेतली तर दोन्ही लाईनी मोकळ्या राहतात. हंटिंग असेल, म्हणजे पहिली लाईन अडकली की कॉल पुढच्या लाईनीवर सरकत असेल, तर बाहेर जाणारे कॉल शेवटच्या लाईनीवरून सोडायला सांगा. जाहिरातीतला पहिला नंबर मोकळा राहील.

ट्रान्सफर करताना कॉल तुटतो? साध्या फोनवर हूक (रिसीव्हर ठेवतो तिथला खटका) हातानं दाबू नका, फ्लॅशचं बटण वापरा. हूक जरा जास्त वेळ दाबला गेला की ईपीएबीएक्सला वाटतं, फोन खाली ठेवला. फ्लॅशनंही कॉल तुटत असेल, तर फोनचा आणि ईपीएबीएक्सचा फ्लॅश टाईम (त्या बटणानं लाईन किती क्षण तुटते तो वेळ) जुळत नाही. तो मेकॅनिककडून जुळवून घ्या. शिवाय कोण बोलतंय ते पलीकडच्याला सांगून मगच रिसीव्हर ठेवावा. न सांगता ढकललेला कॉल बहुधा फिरून रिसेप्शनवरच येतो, आणि गिऱ्हाईकाला सगळी कथा पहिल्यापासून सांगावी लागते.

एकाच टेबलावरचा फोन वाजत नसेल, तर आधी डीएनडी (फोन वाजू न देणारी सोय) आणि फॉरवर्ड पाहा. रिसीव्हर उचलल्यावर डायल टोन तुटक येत असेल, तर अनेक सिस्टीममध्ये ती यातलं काहीतरी चालू असल्याचीच खूण असते.

नाईट मोडही, म्हणजे ऑफिस बंद असताना येणाऱ्या कॉलसाठीची सोय, तपासा. दुपारी १ ते ३ बंद राहणाऱ्या ऑफिसात ईपीएबीएक्सचं घड्याळ मागे पडलं, की तीननंतरही ‘कार्यालय बंद आहे’ ऐकू येत राहतं. चतुर्थीच्या सुट्ट्याही कुणीतरी हातानं भराव्या लागतात.

आता पावसाळा. जूनपासून लाईनीत खरखर सुरू झाली की लोक ईपीएबीएक्सला शिव्या घालतात. त्याआधी बाहेरून आलेली तारांची जोडी ईपीएबीएक्सपासून सोडवून तिला थेट साधा फोन लावा. खरखर तिथंही असेल तर तक्रार टेलिफोन कंपनीकडे करा. तिथं आवाज स्वच्छ असेल, तर आतल्या वायरिंगमध्ये दमट झालेला किंवा गंजलेला जोड शोधा. विजांच्या दिवसांत नुसता पॉवरचा प्लग काढून भागत नाही, कारण झटका फोनच्या तारेतूनही येतो. सर्ज प्रोटेक्टर (झटका अडवणारं उपकरण) पॉवर आणि फोनची तार, दोन्हीकडे हवा आणि अर्थिंग नीट हवं. अर्थिंगशिवाय प्रोटेक्टर जवळपास शोभेचाच.

आयपी फोन (इंटरनेटच्या तारेवर चालणारे फोन) घेतले असतील तर यूपीएसवर फक्त ईपीएबीएक्स ठेवू नका. राऊटर आणि फोनला वीज देणारा नेटवर्क स्विचही त्यावरच हवा, नाहीतर वीज गेली की सगळे फोन एकदम मुके.