ओहोटी बघून निघा: कोकणच्या किनाऱ्यावर एक दिवस

कोकणात सुट्टीला गेलेली मंडळी बहुधा नाश्तापाणी आटोपून दहा-अकराला किनाऱ्यावर येतात. तोवर वाळू तापलेली असते आणि पाणी पुन्हा चढू लागलेलं असतं. किनाऱ्यावरचे जीव बघायचे असतील, तर घड्याळ समुद्राचं धरावं लागतं.

म्हणून तारीख ठरवतानाच तिथी बघा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे त्याआधी सव्वासहा तास, पावणेनऊला, ओहोटी. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाणी फारसं हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ते सगळ्यात लांब जातं. त्यानंतरची द्वितीया-तृतीया उत्तम, कारण सव्वासात ते आठच्या दरम्यान पूर्ण ओहोटी आणि ऊन कोवळं. नेमकी वेळ मात्र गावातल्या कोळी बांधवांना विचारूनच घ्या. महिने नोव्हेंबर ते मार्च.

जागा म्हणून मी दापोली तालुक्यातलं अंजर्ले-हर्णै सुचवेन. वाळू, कातळ, खाडी आणि बंदर, सगळं एका दिवसात होतं.

ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी पोहोचा आणि ओसरत्या पाण्यामागे चालत राहा. ओल्या वाळूवर साबुदाण्याएवढ्या गोळ्यांच्या रांगा दिसतील, मधोमध बारीक बीळ. तिथेच उकिडवे बसा आणि हलू नका. दोन-तीन मिनिटांत इवलासा खेकडा बाहेर येतो, दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडात भरतो, त्यातला खाण्याजोगा अंश काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी मागे टाकून पुढे सरकतो. भरती आली की सगळी नक्षी पुसली जाते, पुढच्या ओहोटीला तो पुन्हा कामाला लागतो. मला विचाराल तर एवढं बघण्यासाठीसुद्धा पहाटे उठावं.

कातळावर जाताना पायात बूट हवेत, कालवांच्या कडा पाय कापतात. डबक्यावर आपली सावली पडू देऊ नका, आतले मासे लगेच दडतात. दगड उचललाच तर होता तसा परत ठेवा, कारण त्याच्या खालच्या अंगाला चिकटलेले जीव उन्हात मरतात. शंखही तिथेच राहू द्यात, रिकामा शंख म्हणजे एखाद्या खेकड्याचं पुढचं घर. उथळ पाण्यात पाय घासत चाला, वाळूत दबलेलं पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, बाजूला होतं. पाणी वळलं की कातळावरून निघायचं, एका फोटोसाठीही थांबायचं नाही.

चिखल्यांचा थवा दिसला तर लांबच बसा. लडाख-तिबेटच्या पठारांवरून आलेले हे पक्षी परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात. मुलांना त्यांच्यामागे धावू देऊ नका.

दुपारी जेवून विश्रांती घ्या. मग सुरूच्या बनाकडे मान वर करून चाला. पांढरं पोट आणि पाचरीसारखी शेपटी दिसली तर समुद्र गरुड. डोकं पांढरं आणि अंग विटकरी असेल तर ब्राह्मणी घार. घरटं सापडलं तर झाडाखाली रेंगाळू नका. साडेचार-पाचला खाडीचा चिखल उघडा पडतो, तिथे निवट्या नावाचे मासे परांवर सरपटताना दिसतील. संध्याकाळी हर्णै बंदरात मासळीचा लिलाव आणि त्यावर घिरट्या घालणारे कुरव पक्षी.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघता येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये वेळासला हे संवर्धन सुरू केलं, आता ते अंजर्ल्यातही चालतं. दोरीमागे उभे राहा, फ्लॅश आणि टॉर्च बंद. सकाळी वाळूवर पाण्यापासून वर गेलेला रुंद, फरपटल्यासारखा माग दिसला, तर तो तुडवू नका आणि लगेच गावातल्या कासवमित्राला कळवा. तो अंडी घालायला आलेल्या मादीचा असतो आणि कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरण्याआधी ती अंडी हलवावी लागतात.