जुनं सेक्रेटरी डेस्क किंवा पुस्तकांचं कपाट घेताय? आधी मागून बघा

विकणारे हल्ली कुठल्याही जुन्या टेबलाला सेक्रेटरी म्हणतात, म्हणून आधी तेवढं क्लिअर करू. खाली खण, मधे तिरकं झाकण जे पुढे पाडलं की लिहायला जागा तयार होते, आत पत्रं-बिलं ठेवायचे छोटे कप्पे आणि वर काचेच्या दारांचं पुस्तकांचं कपाट, हे पूर्ण सेक्रेटरी. वरचं कपाट नसेल तर स्लँट-फ्रंट किंवा ब्यूरो म्हणतात. झाकण तिरकं नसून उभं सपाट असेल तर फॉल-फ्रंट, आणि पट्ट्यापट्ट्यांचं झाकण घरंगळत वर जातं ते रोल-टॉप.

आता स्वतःला एकच प्रश्न विचारा, यावर बसून नक्की काय करणार? कारण खण थेट जमिनीपर्यंत असलेल्या ब्यूरोत गुडघे आत जातच नाहीत, माणूस खुर्चीत अर्धा तिरका बसतो, सही करायला, पत्र लिहायला, बिलं लावायला ठीक आहे पण रोज आठ तास लॅपटॉपवर काम करायचं असेल तर पाठ आठवड्याभरात तक्रार करणार. मग पाय आत जातील असं डेस्क शोधा. लिहायची पातळी जमिनीपासून साधारण 29-30 इंचांवर असली की बरं. आणि जागा मोजताना बंद डेस्क मोजू नका, झाकण उघडून मोजा, मग खुर्ची, मग खुर्ची मागे सरकवायला जागा, म्हणजे भिंतीपासून चार-पाच फूट तरी गेलेच. पूर्ण सेक्रेटरी सात फुटांच्या वर सहज जातं, तेव्हा छत, दार, लिफ्ट, जिन्याचं वळण सगळं मोजून घ्या. वरचं कपाट बऱ्याचदा नुसतं खालच्या भागावर ठेवलेलं असतं आणि सुटं होतं, ते आधीच विचारून ठेवा.

समोरून सगळेच पीस देखणे दिसतात, पॉलिश मारलं की झालं. म्हणून मी म्हणेन आधी एक खण पूर्ण बाहेर ओढा आणि उलटा करा. कोपऱ्यावर डव्हटेलचे, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखे दात एकमेकांत अडकवलेले सांधे दिसतील. दात कमी, एकसारखे नाहीत, शेजारी आखणीची बारीक रेघ अजून दिसतेय म्हणजे हाताने कापलेले. सगळे दात एका मापाचे आणि एका अंतरावर असले तर मशीनचे, ते 19व्या शतकाच्या उत्तरार्धापासून सर्रास दिसतात. अर्धचंद्र आणि मधे ठिपका असा सांधा दिसला तर त्याला नॅप जॉइंट म्हणतात, तो अमेरिकन, साधारण 1870 ते 1900 मधला, काळ ओळखायला याच्याइतकी सोपी खूण नाही. मग खणाच्या तळावरून बोटं फिरवा, हाताच्या रंध्याच्या बारीक लाटा लागतात का बघा. करवतीच्या खुणा सरळ आहेत का कमानीसारख्या तेही बघा, कमानी म्हणजे गोल करवत, म्हणजे ढोबळमानाने 1830 नंतरचं काम. तळ प्लायवूडचा असेल तर खण 20व्या शतकातला, मग समोरचा भाग कितीही कोरीव असू दे. खालच्या कडा पण बघा, शंभर वर्षं आत-बाहेर केलेला खण तिथे झिजलेलाच असतो. आणि आतून सगळीकडे एकसारखा गडद रंग दिसला तर मला शंका येते, कारण न पॉलिश केलेलं लाकूड हवा लागते तिथे काळवंडतं आणि झाकलेलं असतं तिथे फिकट राहतं.

स्क्रूकडे पण एक नजर टाका. खाच मधोमध नाही, टोक बोथट, म्हणजे 1840 च्या दशकाच्या आधीचा असू शकतो. अधिक चिन्हाच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू 1930 च्या दशकात आला. पण एका बिजागरीला नवा स्क्रू दिसला म्हणून लगेच पीस बनावट ठरवू नका, दुरुस्ती होतच असते, फक्त आजूबाजूला बुजवलेली जुनी भोकं आहेत का बघा.

खरी फसवाफसवी वरच्या-खालच्या भागात असते. एका घरातलं डेस्क, दुसऱ्या घरातलं कपाट, आणि दोघांना एकमेकांच्या गळ्यात बांधून सेक्रेटरी म्हणून विकायचं, धंद्यात याला मॅरेज म्हणतात. मागे जाऊन दोन्हीकडच्या फळ्या बघा, लाकूड, रंग, जाडी, खिळे जुळतायत का. मग वरचं कपाट उचलायला सांगा. त्याच्याखाली, जिथे कुणाची नजर जाणारच नाही तिथे छान व्हिनियर (वरून चिकटवलेला भारी लाकडाचा पातळ पापुद्रा) आणि पॉलिश असेल तर ते डेस्क बहुतेक एकटंच राहायला बनवलेलं होतं. असा पीस घेऊ नये असं नाही, पण मग भाव तसा द्या.

झाकण उघडण्याआधी दोन्ही बाजूंचे ओढायचे आधार बाहेर काढा, ते न काढता झाकण टाकलं की सगळा भार बिजागरीवर येतो आणि ती लाकडासकट उखडते. बिजागरीजवळ चिरा, पुट्टी, वेगळ्या रंगाचे तुकडे दिसले तर समजून जा. आतल्या कप्प्यांमधले छोटे खांब हळूच ओढून बघा, काहींच्या मागे चोरकप्पा असतो, निघालं काहीच नाही तरी बघायला मजा येते.

काचेच्या दारांसमोर डोकं डावी-उजवीकडे हलवा आणि प्रतिबिंब बघा. जुन्या काचेत ते हलतं, वाकतं. सपाट काच बनवायची फ्लोट पद्धत 1959 मध्ये जाहीर झाली, त्यानंतर खिडक्या-दारांची काच हळूहळू सगळी सपाटच झाली. दारावर पट्ट्यांची जाळी असेल तर तिच्यातली प्रत्येक काच सुटी आहे का एकाच मोठ्या काचेवर वरून पट्ट्या चिकटवल्यात, हे पण तपासा.

नुसतं पुस्तकांचं कपाट हवं असेल तर बॅरिस्टर प्रकार मला सगळ्यात व्यवहारी वाटतो, एकावर एक ठेवायचे खोके, प्रत्येकाचं काचेचं दार वर उचलून आत सरकतं. ग्लोब-वर्निके या अमेरिकन कंपनीचे प्रसिद्ध आहेत, आत लेबल सापडतं. घेताना प्रत्येक दार उघडून बघा आणि सगळे खोके एकाच मालिकेतले आहेत याची खात्री करा, नाहीतर नीट बसत नाहीत. मीटरभर पुस्तकं सहज 25-30 किलो होतात, त्यामुळे लांब फळी वाकलेली असेल तर ती उलटी करता येते का बघा नाहीतर मधे आधार द्या.

कीड. एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं दिसली तर घाबरू नका, ती कधीकाळची असू शकतात. भोकाच्या कडा ताज्या फिकट आहेत आणि खाली पिवळसर भुकटी पडतेय तर कीड जिवंत आहे. शंका असेल तर पीस वेगळ्या खोलीत ठेवा, खाली काळा कागद अंथरा आणि काही आठवडे नजर ठेवा, तोवर पुस्तकं भरू नका. खणात नाक घालून वास पण घ्या, बुरशीचा वास जाता जात नाही आणि डांबरगोळ्यांचा घमघमाट येत असेल तर काहीतरी लपवलंय असं धरून चला.

पॉलिश खरवडून काढायची घाई करू नका, जुन्या पॉलिशमुळेच त्या लाकडाला भाव असतो. कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन न दिसणाऱ्या जागी लावा, चिकट झालं तर लाखेचं पॉलिश, ते सहज दुरुस्त होतं. जुना ऑइल पेंट मारलेला असेल तर त्यात शिसं असू शकतं, कोरडं सँडपेपर अजिबात नको. शिसवी किंवा रोजवूड पीस एका देशातून दुसऱ्या देशात न्यायचा असेल तर आधी कागदपत्रं विचारा, 2017 पासून डालबर्जिया (शिसवी-रोजवूडचा गट) जातीची सगळी लाकडं साइट्सच्या (CITES, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहेत.

भावाचं म्हणाल तर शंभरी ओलांडली की अँटिक, त्याच्या अलीकडचं व्हिंटेज, असा ढोबळ हिशेब चालतो. युरोप-अमेरिकेत जड गडद फर्निचरचे भाव गेल्या वीसेक वर्षांत बरेच उतरलेत, म्हणून गुंतवणूक म्हणून घेऊ नका, वापरायला घ्या.

घरी आणल्यावर वरचा भाग भिंतीला पट्टीने बांधा, खण आणि झाकण एकदम उघडं असताना हे पुढे कलंडू शकतं. ओल्या भिंतीपासून दोन बोटं अंतर, थेट ऊन नको, हीटरशेजारी तर नकोच. आणि दारं घासायला लागली तर लगेच सुताराला बोलवून कडा तासू नका, बहुतेक वेळा जमीनच समतल नसते, एका पायाखाली पातळ पाचर सरकवली की दार पुन्हा नीट लागतं.