पडवीतले पतंग: फोटो पहाटेच काढा

पहिल्या पावसाळ्यात पडवीतला दिवा मी रात्रभर जळत ठेवला आणि सकाळी आठला, चहा झाल्यावर, निवांत बघायला गेले. भिंतीखाली एटलास पतंगाचे वीतभर पंख पडलेले, मधला जीव गायब. दयाळाची जोडी खळ्यात टुणटुणत होती. तेव्हापासून गजर साडेपाचचा.

दिवा आठला लावायचा, अकराला बंद. आलेले बरेचसे पतंग तिथेच बसून राहतात. अमावस्येच्या आसपासची, वारा पडलेली, दमट रात्र सर्वांत चांगली. साध्या एलईडीला फारसं कोणी येत नाही. जुना सीएफएल असेल तर तो लावा. मामंजींचं जुनं धोतर मी दोरीवर ताणून त्याच्या मागे दिवा टांगते. (सासूबाईंचं यावर मत आहे, ते इथे नको.)

पहाटे फ्लॅश बंद. पांढऱ्या कापडावर फोन गोंधळतो आणि पतंग काळा ठिक्कर येतो. म्हणून फोनच्या पडद्यावर पतंग दिसतो तिथेच बोट टेकवून उजेड थोडा वाढवा. फोन पंखांना अगदी समांतर धरा, नाहीतर एक टोक स्पष्ट आणि दुसरं धूसर. उजेड कमी पडला तर टॉर्चवर बटर पेपर लावून बाजूने धरा. एक फोटो वरून, एक बाजूने, एक मिशांचा. एटलासच्या नराच्या मिशा पिसासारख्या रुंद असतात, मादीच्या अरुंद. नुसत्या पंखांच्या फोटोवरून नर की मादी ते सांगणं अवघड.

हात लावू नका, खवले बोटाला येतात. एटलास किंवा शेपटीवाला पोपटी चांद पतंग तर मोठा झाल्यावर काही खातच नाही. जेमतेम आठवडाभराचं आयुष्य, त्यात आपण कशाला ढकलाढकल करायची?

दिव्याकडे न फिरकणारेही असतात. त्यांच्यासाठी काळं पडलेलं केळं गुळात कालवून फणसाच्या खोडाला फासा. पंखांवर घुबडासारखे डोळे असलेला मोठा तपकिरी पतंग मला तिथेच भेटला.

तगरीची पानं कुरतडलेली दिसली तर फवारा मारू नका. निळ्या डोळ्यांची जाडजूड हिरवी अळी शोधा. तिचा पुढे हिरवा-गुलाबी कण्हेर पतंग होतो. तो बसल्या जागी पंख थरथरवू लागला की अंग तापवतोय, आता उडणार. तेव्हा फोकस जुळवत बसू नका, बटण दाबा.