खाली जुनी कोळसा खाण आणि वर बांधायचंय? मग आधी खालचं बघा

चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूर पट्ट्यात प्लॉट बघायला गेलं की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "खाण तर कधीचीच बंद झाली, आता काय होते!" बंद झाली म्हणजे बुजली असं नाही राजेहो. २६ ऑगस्ट २०२२ ला घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर बघता बघता जमिनीत गेलं, खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. हादरे जाणवले म्हणून घरातले आधीच बाहेर पळाले, नाहीतर काही खरं नव्हतं.

आपल्याकडच्या जुन्या खाणी बहुतेक बोर्ड अँड पिलरच्या, म्हणजे कोळशात उभ्या-आडव्या गॅलऱ्या काढायच्या आणि छत धरायला मधे चौकोनी पिलर सोडायचे. पुढे पाण्यात राहून पिलर सोलत जातात, छताचे थर सुटतात आणि पोकळी हळूहळू वर सरकते. पडलेला दगड मोकळा होऊन जास्त जागा खातो म्हणून ती कुठेतरी अडते. दगड ३० टक्के फुगतो असं धरलं तर ३ मीटर उंच गॅलरीची पोकळी ढोबळमानाने १० मीटर वर जाऊन भरते, दोन गॅलऱ्या एकमेकींना छेदतात तिथे त्याहूनही वर जाते. तेव्हा खाण १०० मीटरवर असेल तर अचानक खड्डा पडायची भीती कमी (पण पिलरच बसले तर मोठा भाग सावकाश खचू शकतो, ते वेगळं), आणि २० मीटरवर असेल, त्यात वर काळी माती आणि भुसभुशीत वालुकाश्म, तर प्लॉट कितीही स्वस्तात मिळत असला तरी जरा थांबा.

पहिलं काम नकाशा. खाण ज्या कंपनीकडे आहे तिथून मागा, पण १९७३ च्या राष्ट्रीयीकरणाआधीच्या खाणीचा असेल तर त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, शेवटच्या सर्व्हेनंतरही कोळसा काढलेला असू शकतो. जागेवर जुन्या शाफ्टचं (खाणीत उतरायची उभी विहीर) किंवा इन्क्लाइनचं (उतरता बोगदा) तोंड शोधा, तिथून नकाशा जुळवा, कारण दहा मीटरची चूक झाली तरी गॅलरीच्या जागी पिलर येतो.

मग बोअर, म्हणजे खाली काय आहे ते बघायला मारलेली भोकं, आणि माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे. एका पार्टीने मला तीन बोअरचा रिपोर्ट दाखवला, तिन्हीत कोळसा भरीव, "साहेब खाली काही नाही." आता हिशोब बघा. गॅलरी ४ मीटर रुंद आणि पिलर मध्यापासून मध्यापर्यंत २० मीटर असेल तर ४०० चौरस मीटरमधले २५६ पिलरचे, म्हणजे पोकळी फक्त ३६ टक्के. अंदाजाने मारलेली तीन बोअर तिन्ही पिलरमधेच लागायची शक्यता चारात एक! म्हणून बोअर तिरक्या रांगेत, कमी अंतरावर मारा आणि ड्रिलरच्या शेजारी स्वतः उभे रहा. रॉड सटकन खाली गेला, वर येणारं पाणी एकदम गायब झालं, भोक हवा ओढायला लागलं, की लगेच खोली लिहा. रॉड अडीच-तीन मीटर मोकळा गेला तर गॅलरी शाबूत आहे, अडखळत गेला तर छत पडलंय. नंतर भोकात कॅमेरा सोडा.

हे सगळं कंपनी आणि डीजीएमएसला (केंद्राचं खाण सुरक्षा महासंचालनालय) विचारूनच, घराजवळची बोअरची गाडी बोलावून नाही. खाली मिथेन किंवा कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, आणि उघड्या भोकातून हवा गेली तर कोळसा आपोआप तापून पेटू शकतो. गॅस मीटर हवाच, काम झालं की भोक बंद.

पोकळी सापडली तर बांधण्याआधी ती भोकांतून भरावी लागते. भरताना नुसती राख-पाणी ओतू नका, ते वाहून जातं. फ्लाय अ‍ॅश आपल्याकडे वीज केंद्रामुळे भरपूर आहे, त्यात सिमेंट घाला, दहा-बारा भाग राखेला एक भाग सिमेंट हे प्रमाण बऱ्याच ठिकाणी चालतं, पण आपल्या राखेवर क्यूब टेस्ट (मालाचे ठोकळे दाबून ताकद बघणं) करून ठरवा. सुरुवात कडेपासून, तीही उताराच्या खालच्या बाजूने. तिथे जवळजवळ भोकं घेऊन बारीक खडी आणि घट्ट ग्राउट (हाच राख-सिमेंटचा ओला माल) टाकून बांध घालायचा, नाहीतर तुमच्या पैशाने शेजाऱ्याची गॅलरी भरेल. बांध झाला की आतली भोकं, आधी एकाआड एक, मग मधली. मधल्यांनी आधीपेक्षा खूप कमी माल घेतला तर काम बरोबर चाललंय.

मालाचा अंदाज आधीच घ्या. ३०० चौरस मीटर जागेच्या खाली वरच्याच हिशोबाने (३६ टक्के पोकळी, ३ मीटर उंची) ३२४ घनमीटर पोकळी, म्हणजे सहा घनमीटरच्या ५४ गाड्या, गळती धरलेलीच नाही, आणि भराव घराच्या भिंतीबाहेरही न्यावा लागतो. इथेच बरेच लोक प्लॉट बदलतात, मला त्यात काही वाईट वाटत नाही.

२८ दिवसांनी नवीन भोकं मारून कोअर (भरलेल्या मालाचा दंडगोल नमुना) काढा, पाणी सोडून कुठे गळतं का बघा. पायासाठी प्रत्येक कॉलमखाली सुटे फुटिंग नको, राफ्ट (अख्ख्या घराखाली एकच स्लॅब) घ्या. घर खचतंय का ते कळायला कोपऱ्यांवर लेव्हलच्या पिना बसवा आणि निदान दोन पावसाळे, जून आधी आणि ऑक्टोबरनंतर, रीडिंग घ्या.