मोबाईलवर तिकीट काढताय? या चुका टाळा, नाहीतर पैसे भरूनही दंड बसतो

पैसे भरलेत, बँकेचा मेसेज आलाय, अ‍ॅपमध्ये तिकीट दिसतंय आणि तरीही चेकर म्हणतो तिकीट नाही. हे ज्याच्या बाबतीत घडलंय त्यालाच कळेल किती मनाला लागतं ते, फुकट जायचा विचारसुद्धा डोक्यात नसतो आणि भरगाडीत सगळ्यांसमोर आपण विनातिकीट ठरतो.

माझ्या बाबतीत हे एका परक्या शहरात झालं. मी आणि बाबा, दोघांची तिकिटं माझ्याच फोनवर, बस यायच्या दहा मिनिटं आधी काढलेली. दोन स्टॉप गेले आणि चेकर चढला. मी फोन पुढे केला तर तिकिटं दिसत होती पण करड्या रंगात, आणि त्यांच्या खाली एक बटण, 'तिकीट सुरू करा'. ते बटण माझ्या लक्षातच आलं नव्हतं. लगेच दाबलं, तिकीट हिरवं झालं आणि वरच्या कोपऱ्यात घड्याळ सुरू झालं, शून्य मिनिटं चार सेकंद. चेकरनं काही न बोलता त्या आकड्यावर बोट ठेवलं. दोघांचाही दंड भरला. बाबा शेवटपर्यंत म्हणत होते, अहो पण पैसे भरलेत ना आम्ही, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं, पण नियम चेकरच्या बाजूनं होता.

तेव्हापासून जो कोणी विचारेल त्याला मी पहिली गोष्ट हीच सांगते: तिकीट विकत घेणं वेगळं आणि तिकीट चालू करणं वेगळं. बऱ्याच अ‍ॅपमध्ये तिकीट आधी काढून ठेवता येतं, आज घ्या आणि पुढच्या आठवड्यात वापरा, आणि म्हणूनच ते कधी वापरलं हे अ‍ॅपला कळायला चालू करावं लागतं. नाहीतर एकच तिकीट खिशात ठेवून चेकर दिसला की बटण दाबायचं असं कोणीही केलं असतं. त्यामुळे नियम जवळपास सगळीकडे सारखाच आहे, चढायच्या आधी चालू करा. पण घरातून निघतानाच दाबू नका, कारण तासा-दोन तासांची मुदत त्या क्षणापासून मोजली जाते आणि बस उशिरा आली तर अर्धा वेळ स्टॉपवरच जातो. बस समोर दिसली, किंवा प्लॅटफॉर्मवर पोचलात, की दाबा. मात्र जमिनीखालचं स्टेशन असेल तर वरच, रेंज असेपर्यंत, कारण काही अ‍ॅपना चालू करायलाही नेट लागतं.

नावं प्रत्येक ठिकाणी वेगळी असतात, त्यानं गोंधळ वाढतो. इटलीत प्रादेशिक गाड्यांच्या डिजिटल तिकिटाला चढण्याआधी 'चेक-इन' करावं लागतं. स्वित्झर्लंडमध्ये मोबाईलचं तिकीट गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आधी काढलेलं असावं लागतं, गाडीत बसून मग निवांत काढू हे तिथे चालत नाही. म्हणून नवीन अ‍ॅप घेतलं की तिकीट काढून झाल्यावर त्या तिकिटावर एकदा बोट दाबून ते पूर्ण उघडा आणि खालपर्यंत वाचा. अर्धं मिनिट जातं. 'वैध', 'चालू', 'उरलेला वेळ' असं काहीतरी लिहिलेलं दिसलं पाहिजे, नुसतं 'खरेदी यशस्वी' म्हणजे तिकीट नव्हे.

स्क्रीनशॉट म्हणजे तिकीट नाही

हे फार चांगल्या मनानं केलं जातं. नेट जाईल म्हणून आपण स्क्रीनशॉट काढून ठेवतो, किंवा मुलगा आईला व्हॉट्सअ‍ॅपवर तिकिटाचा फोटो पाठवतो आणि सांगतो हा दाखव. पण बहुतेक अ‍ॅपमधलं चालू तिकीट मुद्दाम हलतं ठेवलेलं असतं, रंग बदलतो, घड्याळ पळतं, चित्र सरकतं, आणि काही ठिकाणी तर क्यूआर कोडच थोड्या थोड्या वेळानं बदलतो. स्क्रीनशॉटमध्ये यातलं काहीच नसतं, आणि चेकर नेमकं तेच बघत असतो. आईला तिकीट द्यायचं असेल तर अ‍ॅपमध्ये 'दुसऱ्याला पाठवा' अशी सोय आहे का ते बघा, नसेल तर तिच्या फोनवर तिच्या खात्यातूनच काढा. एका फोनवर चौघांची तिकिटं असतील तर चौघांनी एकत्रच राहायचं, फोन घेऊन पुढे गेलेला एकजण गेटच्या आत आणि मागचे तिघं बाहेर हे मी दोन-तीनदा पाहिलंय.

बदलत्या क्यूआरबद्दल आणखी एक, फोनचं घड्याळ हातानं सेट केलेलं असेल आणि दोन-चार मिनिटं पुढेमागे असेल तर कोड नाकारला जाऊ शकतो. सेटिंगमध्ये तारीख-वेळ 'आपोआप' वर ठेवा. दुसऱ्या देशात उतरल्यावर तर नक्की बघा.

आत जाताना कार्ड, बाहेर पडताना फोन

ही चूक आता सगळ्यात जास्त पैसे खाते असं मला वाटतं, आणि ती कळतही नाही, कारण गेट दोन्ही वेळा उघडतं. लंडनमध्ये बँकेचं कार्ड थेट गेटला लावून जायची सोय बसमध्ये २०१२ ला आणि भुयारी रेल्वेत २०१४ ला आली, आता कितीतरी शहरांत तसं आहे. लोकांना वाटतं कार्ड लावलं काय आणि तेच कार्ड टाकलेला फोन लावला काय, खातं तर एकच ना. तसं नसतं. कार्ड फोनमध्ये टाकताना सुरक्षेसाठी त्याला वेगळा नंबर दिला जातो, घड्याळात टाकलं तर तिसराच नंबर, त्यामुळे गेटच्या मशीनला ते वेगवेगळे प्रवासी वाटतात. म्हणजे तुम्ही कार्डानं आत गेलात आणि फोननं बाहेर आलात तर सिस्टीमच्या लेखी एकजण आत जाऊन बाहेरच आला नाही आणि दुसरा आत न जाताच बाहेर आला. दोघांनाही जास्तीत जास्त भाडं लागतं. शिवाय दिवसभराच्या भाड्यावर जी कमाल मर्यादा असते तीही तुटते, अर्धे प्रवास एका नंबरवर आणि अर्धे दुसऱ्यावर जातात.

उपाय सोपाय, सकाळी जे हातात घेतलं तेच रात्रीपर्यंत. फोन तर फोन, घड्याळ तर घड्याळ. आणि प्रत्येकाचं साधन वेगळं, एका फोननं दोघांना आत घेता येत नाही अशा ठिकाणी बायकोला तुमचा फोन द्या आणि स्वतः तेच खरं कार्ड वापरा, ते चालतं.

आणि बाहेर पडताना टॅप करायचं विसरू नका. जिथे गेट आहे तिथे आठवण होते, जिथे नुसता टॅप करायच्या मशीनचा एक खांब उभा असतो तिथे माणूस गप्पा मारत सरळ निघून जातो. लंडनच्या बसमध्ये फक्त चढतानाच टॅप करायचं, रेल्वेत मात्र दोन्हीकडे. नेदरलँड्समध्ये उतरताना तर करायचंच, पण मध्येच एका रेल्वे कंपनीच्या गाडीतून दुसऱ्या कंपनीच्या गाडीत बदललात तरी पहिल्याच्या खांबावर बाहेर आणि दुसऱ्याच्या खांबावर आत, असं करावं लागतं. विसरलात तर लगेच अ‍ॅपमध्ये किंवा वेबसाइटवर प्रवासाचा इतिहास उघडा, बऱ्याच ठिकाणी 'अपूर्ण प्रवास' म्हणून दाखवतात आणि कुठे उतरलात ते सांगितलं की जादाचे पैसे परत मिळतात. हे करणारे फार कमी असतात, पैसे तसेच सोडून देतात.

गेट उघडतच नाही

फोन लावला, लाल दिवा, मागे रांग, आणि घाईत आपण फोन जोरजोरात आपटायला लागतो. थांबा. आधी फोनचं कव्हर बघा. मागच्या खणात बँकेचं कार्ड, ऑफिसचं आयकार्ड ठेवलेलं असतं ना, मशीन एकाच वेळी दोघांशी बोलायचा प्रयत्न करतं आणि एकतर काहीच वाचत नाही किंवा भलत्याच कार्डावरून पैसे कापतं. एका मावशींचं असंच होत होतं, पाच वेळा फोन लावून झाला, शेवटी कव्हर काढून नुसता फोन लावला आणि गेट उघडलं. जाड धातूचं कव्हर किंवा मागे चिकटवलेली लोखंडी चकती असली तरी तेच.

दुसरं, कुठला भाग लावता ते. आयफोनचा अँटेना वरच्या कडेला असतो, बऱ्याच अँड्रॉइड फोनचा पाठीच्या मधल्या भागात. एक क्षण स्थिर धरा, झटकन ओढून घेऊ नका. आणि एनएफसी, म्हणजे फोन मशीनला जवळ धरून पैसे भरायची सोय, सेटिंगमध्ये बंद तर नाही ना, बॅटरी वाचवायला कोणीतरी केलेलं असतं.

क्यूआरवालं गेट असेल तर ब्राइटनेस पूर्ण वाढवा, स्क्रीन पुसा, आणि फोन काचेला चिकटवू नका, तळहाताएवढं अंतर ठेवा म्हणजे कॅमेऱ्याला पूर्ण चौकोन दिसतो. तडा गेलेली काच नेमकी कोडावर येत असेल तर कोड वर-खाली सरकवून बघा.

बॅटरी

यावर लोक सगळ्यात कमी विचार करतात. बंद पडलेला फोन म्हणजे तिकीट नाही, जवळपास सगळीकडे नियम असाच आहे, चार्जर शोधून दाखवतो हे चेकरवर अवलंबून. काही आयफोनमध्ये, एक्सएसपासून पुढच्या, अशी सोय आहे की बॅटरी संपून फोन बंद पडला तरी 'एक्सप्रेस' म्हणून, म्हणजे फोन अनलॉक न करता चालेल असं, निवडलेलं प्रवासाचं कार्ड पाच तासांपर्यंत गेटला चालू शकतं. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा, फोन तुम्ही स्वतः बंद केला असेल तर ते चालत नाही, आणि अ‍ॅपमधलं क्यूआर तिकीट तर स्क्रीनशिवाय दिसणारच नाही. परतीच्या प्रवासाचं तिकीट फोनमध्ये असेल तर दिवसभर फोटो काढताना जरा हात आखडता घ्या, छोटी पॉवर बँक बरोबर असेल तर प्रश्नच नाही.

पैसे कटले, तिकीट आलं नाही

इथे घाबरून लगेच दुसऱ्यांदा पैसे भरतात आणि पाच मिनिटांनी दोन्ही तिकिटं येतात, मग एक रद्द होत नाही. आधी 'माझी तिकिटं' उघडा, खाली ओढून रिफ्रेश करा, अ‍ॅप बंद करून परत उघडा. पेंडिंग दिसत असेल तर व्यवहाराचा नंबर जपून ठेवा, इथे मात्र स्क्रीनशॉट जरूर काढा. पण गाडी समोर आलीय आणि तिकीट अजून आलं नाही, तर पैसे कटलेत या भरवशावर चढू नका. खिडकीवर किंवा मशीनवर दुसरं काढा, अडकलेल्या पैशांचं नंतर भांडता येतं, दंडाचं भांडण फार अवघड असतं. अ‍ॅप अनइन्स्टॉल करणं हा तर शेवटचासुद्धा उपाय नाही, काही अ‍ॅपमध्ये तिकीट त्या फोनपुरतंच असतं, अ‍ॅप काढलं की तिकीटही जातं. फोन बदलतानाही जुन्या फोनवर तिकीट, बॅलन्स उरलाय का ते बघून, हलवून, मगच जुना रिकामा करा.

पाहुणे म्हणून जाताय तर निघायच्या आधी

विमानतळावर उतरून अ‍ॅप शोधायला लागलात की उशीर झालेला असतो. काही अ‍ॅप दुसऱ्या देशाच्या अ‍ॅप स्टोअरमध्ये दिसतच नाहीत. काहींना तिथलाच मोबाईल नंबर लागतो. आणि सगळ्यात मोठी अडचण ओटीपीची, घरचं सिम बंद करून परदेशी सिम टाकलं की बँकेचा ओटीपी जुन्या नंबरवर जातो आणि पैसे भरताच येत नाहीत. म्हणून घरी असतानाच अ‍ॅप घ्या, खातं उघडा, कार्ड जोडा, जमल्यास एक तिकीट काढून बघा.

फोन चालेल का तेही बघा. जपानचं सुईका हे गेटला लावायचं प्रवासाचं कार्ड २००१ पासूनचं, त्याचं टॅपचं तंत्र फेलिका नावाचं वेगळं आहे. आयफोन ८ आणि त्यापुढचे कुठेही विकत घेतलेले असोत, चालतात, पण जपानबाहेर विकलेल्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ते सुईका टाकता येत नाही. तिथे साधं प्लास्टिकचं कार्ड घेतलेलं बरं, यात कमीपणा काही नाही.

नाव आणि बनवणारी संस्था नीट वाचा. शोधल्यावर वर येणारं पहिलं अ‍ॅप अधिकृतच असेल असं नाही, मधल्या एजंटांची अ‍ॅप वरून जादा शुल्क लावतात आणि रिफंडच्या वेळी एजंट आणि वाहतूक संस्था एकमेकांकडे बोट दाखवतात. वाहतूक संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या लिंकवरून जाणं सगळ्यात बरं. खांबावर चिकटवलेल्या सुट्या क्यूआर स्टिकरवरून पैसे तर भरूच नका.

आणि पास घेताना तो एकदाचा आहे की दर महिन्याला आपोआप पैसे कापणारा, हे बघा. जर्मनीचा डॉइचलांडटिकेट नावाचा महिन्याचा पास १ मे २०२३ ला सुरू झाला, देशभरच्या स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांना चालतो, पाहुण्यांनाही सोयीचा आहे, पण तो सबस्क्रिप्शन आहे, महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केला नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे जातात. तुम्ही तोवर घरी परत आलेले असता. शिवाय तो ज्याच्या नावावर त्यालाच चालतो, सोबत फोटोचं ओळखपत्र लागतं. सवलतीच्या तिकिटांचंही तसंच, ज्येष्ठांचं तिकीट काढून दिलंत पण पुरावा घरीच राहिला तर ते तिकीट धरत नाहीत.

तरीही दंड झालाच तर

गाडीत वाद घालून काही होत नाही, उलट आवाज चढतो आणि बरोबरची म्हातारी माणसं घाबरतात. शांतपणे पावती मागा, तिच्यावर अपील कुठे आणि किती दिवसांत करायचं ते बहुतेक लिहिलेलं असतं. उतरल्यावर लगेच, त्याच दिवशी, खरेदीची वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट, बँकेचा मेसेज, गाडीचा नंबर, स्टॉपचं नाव एका जागी ठेवा. अ‍ॅप बंद पडलं होतं, कोड उघडत नव्हता, असं असेल तर त्या एररचाही फोटो. चढण्याच्या आधी खरेदी केल्याचा पुरावा असला तर काही ठिकाणी दंड कमी करतात किंवा माफ करतात. आमच्या वेळी मी पावती पाकिटात तशीच ठेवून दिली आणि मुदत निघून गेली, ते पैसे परत मिळाले असते की नाही माहीत नाही, पण अर्ज करायला हवा होता, निदान बाबांच्या समाधानासाठी.